मेलेल्या माशाची साक्ष

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे आणि त्या गावात डार्टमथ कॉलेज. २००५ साली तिथल्या मेंदू-संशोधनाच्या प्रयोगशाळेत एक मासा आणला गेला. अटलांटिक सॅमन, पूर्ण वाढलेला, दीड फूट लांब, वजनाला पावणेदोन किलोच्या आसपास. बाजारातून विकत आणलेला, म्हणजे अर्थातच मेलेला.

क्रेग बेनेट तेव्हा तिथे पीएच.डी. करत होते. त्यांच्या मार्गदर्शक अबिगेल बेअर्ड यांचं काम किशोरवयीन मुलांच्या मेंदूवर चालायचं. मुलांना स्कॅनरमध्ये झोपवण्याआधी यंत्राची सगळी मांडणी नीट चालते ना, याची रंगीत तालीम करावी लागते. त्यासाठी सहसा द्रव भरलेला एक गोळा वापरतात. पण गोळ्याच्या आत पाहण्यासारखं काही नसतं, त्यामुळे चित्र किती स्पष्ट येतंय हे नीट कळत नाही. म्हणून या मंडळींनी आधी एक भोपळा यंत्रात ठेवला, मग एक कोंबडी आणि शेवटी हा मासा.

तालीम करायची तर ती पुरी करायची. माशाचं डोकं हलू नये म्हणून भोवती फोम बसवला. मग समोरच्या पडद्यावर माणसांची छायाचित्रं दाखवली. पंधरा चित्रं, प्रत्येक दहा सेकंद, मध्ये बारा सेकंदांची विश्रांती. एकूण साडेपाच मिनिटं. प्रत्येक चित्रात कोणी ना कोणी चारचौघांतल्या एखाद्या प्रसंगात होतं. पुढे मुलांना जे विचारायचं होतं तेच माशालाही विचारलं गेलं : या चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल?

स्कॅन झाला, आकडे संगणकात साठवले गेले आणि तीन-एक वर्षं तसेच पडून राहिले. त्या साठवणुकीला या गोष्टीत मोठी किंमत आहे. ज्या तालमीचा कुणाला उपयोग नव्हता तिचे आकडे कुणी पुसून टाकले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

२००८च्या सुमारास बेनेट आणि डार्टमथचे प्राध्यापक जॉर्ज वुल्फर्ड मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण कसं करावं, यावर विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानाची तयारी करत होते. एक नेहमीची चूक कशी होते हे दाखवायला त्यांना उदाहरण हवं होतं, आणि ते असं हवं होतं की चूक आहे याबद्दल कुणालाच शंका राहू नये. बेनेटना माशाची आठवण झाली. त्यांनी जुने आकडे बाहेर काढले आणि माणसाच्या मेंदूसाठी जी रीत वापरतात, अगदी तीच पायरीपायरीने वापरून पाहिली.

पडद्यावर माशाच्या डोक्याचं करडं चित्र उमटलं आणि त्यात मेंदूच्या जागी लाल ठिपके दिसले. काही ठिपके पाठीच्या कण्यापाशीही होते. रूढ भाषेत या ठिपक्यांचा अर्थ असा की माणसांचे चेहरे दिसत असताना माशाच्या मेंदूचा हा भाग कामाला लागला होता.

मासा विचार करत नव्हता. मग लाल ठिपके आले कुठून?

मासा ज्यात ठेवला होता ते एफएमआरआय यंत्र विचार पाहत नाही, रक्त पाहतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जातं. ऑक्सिजन घेतलेल्या आणि सोडलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असतात, आणि त्या फरकामुळे स्कॅनरला मिळणारा संकेत किंचित बदलतो. हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये दाखवून दिलं आणि दोनच वर्षांत माणसाचा जागता, काम करणारा मेंदू या रीतीने कवटी न उघडता पाहता येऊ लागला. हा शोध खराच मोठा आहे. पण बदल फार लहान असतो, बहुतेक वेळा टक्का-दोन टक्के. त्याच्या भोवती हृदयाचे ठोके, श्वास, मानेची हालचाल आणि यंत्राची स्वतःची खरखर यांचा गोंगाट चाललेला असतो. माशात ठोके नव्हते, श्वासही नव्हता. उरली फक्त यंत्राची खरखर. लाल ठिपके त्या खरखरीचे होते.

आता खरखर आणि खरा संकेत वेगळा कसा करायचा? इथे सार्थकता चाचणी येते. स्कॅनर मेंदूचे हजारो चिमुकले घन पाडतो, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. चित्र दिसत असताना आणि नसताना प्रत्येक घनात संकेताचा फरक पडला का, हे तपासायचं. फरक दिसला तर पुढचा प्रश्न : इथे खरं काहीच घडलेलं नसतं, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती? हे पी-मूल्य. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५च्या पुस्तकापासून विसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादा रूढ झाली. मेंदूच्या अभ्यासकांनी ती बरीच कडक करून हजारात एक, ०.००१, अशी धरली होती. शिवाय असे किमान काही घन एकमेकांना लागून असावेत, अशी अटही बहुतेक जण घालत. माशालाही हीच मर्यादा आणि किमान तीन घनांची अट लावली होती. त्यातूनही लाल ठिपके निसटले.

हजारात एक म्हटलं की मनाला पुरेसं वाटतं. म्हणूनच इथे थांबून नीट पाहायला हवं.

एखाद्या मोठ्या जत्रेत आठ हजार माणसं जमली आहेत. प्रत्येकाच्या हातात रुपयाचं नाणं दिलं आणि दहा वेळा उडवायला सांगितलं. दहाही वेळा छापाच पडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक, म्हणजे जवळपास आपली ती हजारात एक. एकट्या माणसाने आपल्यासमोर उभं राहून असे ओळीने दहा छापे पाडले तर आपण नाणं हातात घेऊन उलटसुलट पाहू, आणि ते योग्यच होईल. पण आठ हजारांनी नाणी उडवली तर त्यांतल्या सात-आठ जणांना दहा छापे मिळणारच. त्यांच्या बोटांत काही नाही, नाण्यात काही नाही. आता त्या सात-आठांनाच मंचावर बोलावलं आणि बाकीच्यांचं नावही घेतलं नाही, तर खालून पाहणाऱ्याला काय वाटेल? मंचावरचा प्रत्येक माणूस खरं सांगतोय, त्याचे छापे खरे आहेत. खोटं आहे ते बाकीच्यांबद्दलचं मौन.

माशाच्या स्कॅनमध्ये ८,०६४ घन तपासले होते. म्हणजे तो एकच प्रश्न ८,०६४ वेळा विचारला होता. त्यातून १६ घन सार्थक ठरले. गणिताने अपेक्षित आठच्या आसपास होते, मग सोळा कसे, असं कुणी विचारेल. शेजारशेजारच्या घनांतली खरखर एकमेकींपासून सुटी नसते, एक घन चुकला तर शेजारीही चुकण्याचा संभव असतो, त्यामुळे खोटे ठिपके विखुरलेले न राहता पुंजके करून येतात. नेमके हे पुंजकेच पाहणाऱ्याला पटवतात, कारण विखुरलेल्या ठिपक्यांपेक्षा पुंजका एखाद्या अवयवासारखा दिसतो. माणसाच्या मेंदूच्या चित्रात तर सव्वा लाखाहून अधिक घन असू शकतात. तिथे हजारात एक या हिशेबाने शंभरावर ठिकाणी काहीही घडलेलं नसताना लाल रंग चढेल.

यावर उपाय नवा नव्हता आणि अवघडही नव्हता. जितके प्रश्न विचारले तितक्या पटीने मर्यादा कडक करायची, ही सर्वांत साधी रीत. तिला इटालियन गणितज्ञ बोनफेरोनी यांचं नाव आहे. माशाच्या बाबतीत ०.०५पासून सुरुवात करून तिने मर्यादा सुमारे १ लाख ६१ हजारांत एक इतकी खाली आणली असती. ही रीत फार कठोर आहे, म्हणून मेंदूच्या चित्रांसाठी जरा सैल आणि अधिक नेमक्या पद्धती वापरात आल्या. त्यांतली एक, बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची, १९९५ची. ती सापडलेल्या ठिपक्यांपैकी किती टक्के खोटे असू शकतात याला लगाम घालते. दुसरी संपूर्ण चित्रात एकही खोटा ठिपका येण्याच्या शक्यतेला लगाम घालते. बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही लावून पाहिल्या. सगळे ठिपके गेले. मर्यादा मुद्दाम सैल करून ०.२५पर्यंत नेली, तरी एकही परत आला नाही.

या दोन्ही सोयी तेव्हाही नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. एक पर्याय निवडायचा होता, एवढंच. तरीही बेनेट यांनी २००८मधल्या महत्त्वाच्या नियतकालिकांतले एफएमआरआयचे निबंध तपासले, तेव्हा नियतकालिकागणिक पंचवीस ते चाळीस टक्के निबंधांत ही दुरुस्ती केलेलीच नव्हती.

का नव्हती, हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. हे लबाड लोक नव्हते. स्कॅनरचा एक तास महाग असतो, स्वयंसेवक मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून एका प्रयोगात पंधरा-वीस माणसंच असायची. एवढ्या थोड्या माणसांत खरा पण मंद संकेत कडक मर्यादेपुढे टिकत नाही. मग संशोधक म्हणायचा, दुरुस्ती लावली तर खरं सापडलेलंही हातचं जाईल. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि काही नामवंतांनी तो लेखी मांडलाही आहे. खोटं पकडण्याच्या भीतीने खरं सोडून देणं ही विज्ञानात चूकच असते. पण त्यावरचा इलाज अधिक माणसं, अधिक स्कॅन, नेमका प्रश्न हा आहे. किती प्रश्न विचारले ते सांगायचंच नाही, हा इलाज नव्हे. माझ्या मते खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होता. प्रत्येक प्रयोगशाळा आपलं चित्र पाहताना त्यात काय असायला हवं हे आधीच मनात धरून बसायची. भीतीचा प्रयोग असला आणि भीतीशी नातं असलेल्या भागात ठिपका आला की तो खरा वाटायचा. भलतीकडे आला तर त्याच्यासाठीही एखादी संगती सापडायची. माणसाच्या मेंदूत कुठेही ठिपका आला तरी अर्थ लावता येतो. माशाच्या बाबतीत ती सोय नव्हती. तिथे उत्तर आधीच ठाऊक होतं, आणि म्हणून प्रश्न यंत्राच्या रीतीला विचारला गेला, मेंदूला नव्हे.

जून २००९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मेंदूच्या नकाशांवर काम करणाऱ्यांची जागतिक परिषद भरली. तिथे बेनेट, बेअर्ड, मायकेल मिलर आणि वुल्फर्ड यांनी हे काम एका भित्तिपत्रकावर मांडलं. शीर्षक पूर्ण शास्त्रीय : मृत्यूनंतर अटलांटिक सॅमनने दुसऱ्या प्रजातीच्या नजरेने पाहण्यामागची मेंदूतली प्रक्रिया, आणि अनेक तुलनांसाठी दुरुस्तीची गरज. लांबी, वजन, चित्रांची संख्या, फोम, सगळं रीतसर नोंदलेलं. स्कॅनच्या वेळी मासा जिवंत नव्हता, हेही त्याच रीतसर भाषेत. लोक हसले आणि मग आपापले जुने निबंध आठवू लागले. छापायला मात्र कुणी सहजी तयार नव्हतं. अखेर २०१०मध्ये अनपेक्षित निष्कर्षांसाठी निघालेल्या एका नव्या नियतकालिकाने तो निबंध घेतला. २०१२मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

यानंतर माशाची एक दुसरीच कहाणी पसरली, आणि तिचं मला वाईट वाटतं. मेंदूचे स्कॅन म्हणजे सगळी थाप, बघा, मेलेल्या माशातही विचार दिसतात, असं लोक बिनदिक्कत सांगू लागले. चौघांनी हे कधीच म्हटलं नव्हतं. दुरुस्ती लावली तेव्हा त्याच यंत्राने, त्याच आकड्यांवरून, बरोबर उत्तर दिलं होतं : इथे काही नाही. ज्याला सगळं खरं वाटतं आणि ज्याला सगळं खोटं वाटतं, त्या दोघांनीही चित्र कसं तयार झालं हे पाहण्याचे कष्ट घेतलेले नसतात.

या कष्टांवर काय अवलंबून असतं, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. २००८च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाच्या एका खटल्याचा निकाल लागला. त्यात आरोपीच्या मेंदू-चाचणीचा पुराव्यात आधार घेतला गेला होता. ती चाचणी विद्युत लहरींची होती, एफएमआरआयची नव्हे. पण मूळ दावा त्याच जातीचा : मेंदूतून आलेला संकेत सांगतो की या माणसाला हे अनुभवाने ठाऊक आहे. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. बातमी वाचणाऱ्याला पडायला हवा होता तो प्रश्न असा की निरपराध माणसाला खुर्चीत बसवलं तर ही चाचणी किती वेळा त्याला दोषी ठरवते. त्याचं उत्तर खुल्या, स्वतंत्रपणे तपासलेल्या प्रयोगांतून आधी मिळायला हवं, मग न्यायालयाची पायरी. मे २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय अशी चाचणी करण्यास मनाई केली. निकालाचा मुख्य आधार आरोपीचे मूलभूत हक्क हा होता. पण चाचणीच्या खात्रीशीरपणाचा प्रश्न त्याच्या शेजारीच उभा होता.

माशाची युक्ती, म्हणजे ज्याचं उत्तर ठाऊक आहे तोच प्रश्न विचारायचा, स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात अँडर्स एकलुंड यांनी फार मोठ्या प्रमाणावर वापरली. हान्स क्नुटसन आणि इंग्लंडमधले थॉमस निकोल्स त्यांच्या सोबत होते. इतर संशोधकांनी सर्वांसाठी खुले केलेले स्कॅन त्यांनी घेतले : ४९९ निरोगी माणसं, यंत्रात नुसती पडून राहिलेली. त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट निवडले आणि न झालेल्या कामाचं वेळापत्रक त्यांना लावून फरक शोधला. फरक असण्याचं कारणच नव्हतं. नेहमीची तीन सॉफ्टवेअर, जवळजवळ तीस लाख विश्लेषणं. या वेळी दुरुस्ती लावलेली होती, म्हणून शंभरातल्या पाचच विश्लेषणांत खोटा निष्कर्ष निघायला हवा होता. घनागणिक दुरुस्ती केली तिथे हिशेब ठीक लागला. पण पुंजक्यांच्या आकारावर भिस्त ठेवणाऱ्या, सर्वाधिक लोकप्रिय रीतीत काही ठिकाणी हे प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत गेलं. शेजारच्या घनांची खरखर अंतरागणिक किती झपाट्याने सुटी होत जाते, याबद्दल त्या रीतीने एक सोयीचं गृहीतक धरलं होतं, आणि खऱ्या मेंदूत ते खरं नव्हतं. एका सॉफ्टवेअरमध्ये तर पंधरा वर्षं न सापडलेली चूकही निघाली. ती मे २०१५मध्ये दुरुस्त झाली.

२०१६च्या जुलैत हा निबंध छापून आला तेव्हा त्यात एक वाक्य होतं की सुमारे ४०,००० अभ्यासांच्या ग्राह्यतेवर यामुळे प्रश्नचिन्ह लागतं. वृत्तपत्रांनी तेच वाक्य उचललं. पण ४०,००० ही एफएमआरआयवरच्या एकूण निबंधांची संख्या होती, सगळ्यांनी ती सदोष रीत वापरलेली नव्हती. निकोल्स यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि खरोखर झळ पोचू शकेल असे निबंध साडेतीन हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज जाहीर केला. नियतकालिकात शुद्धिपत्र आलं, आणि ४०,०००च्या जागी 'काही अभ्यास' असं छापलं गेलं. इतरांची मोजणी चुकल्याचं दाखवणाऱ्या माणसांनी आपली मोजणीही त्याच काटेकोरपणे तपासली, हे मला त्या सबंध निबंधाइतकंच मोलाचं वाटतं. त्याच हिशेबात आणखी एक आकडा पुढे आला. सुमारे तेरा हजार निबंध असे असावेत की ज्यांत अनेक तुलनांसाठी कसलीही दुरुस्ती केलेली नाही. त्यांतले कोणते निष्कर्ष खरे आणि कोणते खरखरीचे, हे आता मूळ आकडे पुन्हा तपासूनच ठरवता येईल, आणि बहुतेक प्रयोगशाळांनी ते आकडे इतरांना वापरता येतील असे जपून ठेवलेले नाहीत.